जीप वर पोचली, पण कोणी उतरेना

मामा, तुझा फोन माझ्याकडे आहे. मामीनेच दिला. "तूच ठेव माय, मले त्याना आवाज सहन व्हत नही," म्हणाली. आज सकाळी चालू केला तर पहिलं काय दिसलं सांगू? गेमचे अपडेट! एकाखाली एक, स्क्रीन भरून. तुला जाऊन महिना होत आला, भिंतीवर तुझा हार घातलेला फोटो लागला, आणि फोन म्हणतोय अपडेट करा. मला आधी हसू आलं, मग रडू आलं, मग परत हसू आलं. कारण तू काय म्हणाला असतास ते मला अख्खं ऐकू आलं. "देख वं मयू. माणूस मरी गया, तरी यास्ना गेम पुरा व्हत नही!"

तुझी माहिती लिहायला मी बसलेली नाही. ती पेपरच्या निधन वार्तेत आली, तुझं नाव, गाव म्हसावद, मोबाईल रिपेरिंगचं दुकान, सगळं. फोटो जुना टाकलाय, मिशा काळ्याभोर आहेत. मला तुला आपल्या गेमचं सांगायचंय. तू सकाळी शेतात मोटर चालू करायला गेलास आणि तिथेच राहिलास, तेव्हा गेम जिथे होता तिथून पुढे काय झालं, ते. बाकी सगळ्यांनी तुला मनातल्या मनात काय काय सांगितलं असेल, पण हे कोणी सांगितलं नसणार. मी भराभर टाइप करतेय, चुका राहतील, नंतर सुधारते. नाही, थांब. वाचूनच टाकते.

आपलं भांडण तर तिथेच राहिलं ना! दोन वर्षं तेच भांडण. मी म्हणायचे, गेम नेटवर टाकू या रे, लोक खेळतील, चुका कळतील, सुधारू. तू म्हणायचास, पुरा होऊ दे. आणि दर वेळी तुझी ती कॅसेट मध्ये यायची.

मला ते व्हिडिओ गेमचं पार्लर थोडंसं आठवतं. मी पहिलीत असेन, तुझं पार्लर तेव्हा बंद व्हायला आलं होतं. दोन टीव्ही, दोन-दोन रिमोट, कॅसेटमध्ये फुंकर मारायची, खटकन बसवायची की गेम सुरू. ना लोडिंग, ना इंटरनेट, ना पासवर्ड. तू सांगायचास की कॅसेट बनवणाऱ्याला एकदाच संधी होती. एकदा कॅसेट दुकानात गेली की त्याचा हात पोचत नव्हता. म्हणून तो घरूनच सगळं नीट बघून पाठवायचा. मी विचारायचे, "आणि त्या कॅसेटवर नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव गेम लिहिलेलं असायचं आणि आत बाराच निघायचे, ते काय होतं?" तू लगेच, "ती कॅसेट दिल्लीनी व्हती. ती मोजू नको."

असा वकील तू! तुझ्या बाजूचं सगळं मोजायचं, माझ्या बाजूचं दिल्लीचं.

मग सीडी आल्या. तू शहाद्याहून आणायचास आणि कॉम्प्युटरवर चढवताना ऐंशी टक्क्यांवर अडकायच्या. त्यातल्या एका गाडीच्या गेममध्ये एका वळणावर गाडी भिंतीत घुसायची ती बाहेरच यायची नाही. कधीच सुधारलं नाही ते. कोण सुधारणार? पण तू सांगायचास, अख्ख्या म्हसावदला ते वळण माहीत होतं. पोरं एकमेकांना ओरडून सांगायची, भिंतीकडून नको जाऊ. चूक होती, पण सगळ्यांच्या घरी तीच होती.

आणि तुझ्या गौरवच्या दहावीचं बक्षीस! तू कुठून तरी जुनं मशीन मिळवलंस आणि गेमची नवीकोरी डिस्क. आम्ही सगळे समोर मांडी घालून बसलो. डिस्क घातली आणि पडद्यावर आलं, अपडेट डाउनलोड होत आहे. पट्टी हलेना. मामीने पोहे केले, खाऊन झाले, पट्टी तिथेच. मग लाईट गेली. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. तू डिस्क बाहेर काढलीस, खिडकीसमोर धरलीस आणि गौरवला विचारलंस, "मंग ह्यामा शे काय? खाली ताटली दिधी का आपले?"

"पप्पा, मेन गेम आहे त्याच्यात. बाकीचं अपडेटमध्ये येतं."

"जेवन नंतर ई, ताटली चाटत बस, असं ना?"

शेवटी गेम सुरू झाला तर घोडा कमरेपर्यंत रस्त्यात रुतलेला आणि वरून स्वार ऐटीत बसलेला. तू इतका हसलास की चष्मा पडला. "याले ट्रॅक्टर लाईसन काढनं पडी!"

पण मामा, हेही खरं आहे ना की तोच गेम वर्षभरात भारी झाला? घोडा वर आला, पाऊस नीट पडायला लागला, गौरव आणि मी सुट्टीभर खेळलो. मी तुला तेव्हा म्हटलं, बघ, सुधारतात. तर तू म्हणालास, "लगनमा बट्टी कच्ची वाढशी आनि बारसाले सांगशी, या, आते शिजनी. लोके येतीन का वं?" बट्टीचं अपडेट येत नाही एवढंच म्हणाले मी, आणि ते माझ्यावरच उलटलं.

एक मात्र तू कधी मान्य केलं नाहीस, तोंडाने तरी. आजचा जमाना नसता तर म्हसावदच्या मोबाईल दुकानात बसून मामा-भाचीला गेम बनवताच आला नसता. कॅसेटच्या काळात आपल्याला कोणी दारात उभं केलं असतं का? इंजिनिअरिंगची सुट्टी लागली की मी शहाद्याहून बसने तुझ्याकडे, तू रस्ते आखायचास, मी कोड लिहायचे, गौरव चित्रं काढायचा. बाजार उरकून तोरणमाळला परत चढणारी जीप, एवढाच गेम. माणसं बसवा, सामान बांधा, घाट चढा. कोणाला गोळी मारायची नाही, काही नाही. कॉलेजातल्या मैत्रिणी म्हणाल्या, यात मजा काय? तू म्हणालास, त्यांना एकदा जीपच्या मागच्या, लोंबकळून जायच्या पाटीवर उभं करून वर ने.

टेस्टिंगची तुझी ती पद्धत मी कॉलेजात सगळ्यांना सांगितलीय. दुकानात रिचार्जला, झेरॉक्सला जो येईल त्याच्या हातात फोन द्यायचा आणि काहीही सांगायचं नाही. एक शब्द नाही. सांगावं लागलं म्हणजे गेम तयार नाही. मला तर राहवायचंच नाही! समोरचा चुकीचं बटण दाबतोय दिसलं की माझं तोंड उघडलंच. म्हणून तू ड्रॉवरमध्ये शेंगदाणे ठेवायला लागलास. माझं तोंड उघडलं की मूठभर शेंगदाणे हातात. "खाय. चाव. बोलू नको."

रुमसिंगदादाच्या वेळी मी अर्धी पिशवी संपवली असेल. त्याची जीप खरीच तोरणमाळच्या रस्त्यावर चालते, तुझ्या दुकानासमोरच उभी असते. बाजाराचा दिवस होता, सवाऱ्या भरायला वेळ होता, तू त्याला फोन दिलास. तो माणसं बसवत गेला. बसवत गेला. मी बारा लोकांची जीप केली होती, बारा झाले की सूचना यायची, "जीप भरली आहे." रुमसिंगदादाने ती सूचना वाचली, तुझ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि खरंच न कळून विचारलं, "भरली म्हणजे?"

तू खाली बसून हसत होतास.

"टपावर कोणीच नाही अजून," तो म्हणाला. "मागे पाटीवर पण नाही. ही कोणती जीप आहे?"

आणि दाबतच राहिला, दाबतच राहिला, आणि गेम हँग. मी आठवडाभर बसून टप, पाटी, बोनेट, सगळीकडे माणसं बसतील असं केलं. वर बकरी, कोंबड्या, मोहाच्या फुलांची गोणी. ते चाललं त्या दिवशी तू सगळ्या गिऱ्हाइकांसमोर वाकून माझ्या पाया पडलास. भाची म्हणून आपल्याकडे मामा पाया पडतोच, पण ते सणाला रे! मी लाजेने दुकानाबाहेर पळाले. रुमसिंगदादाने मात्र पुढच्याच वळणावर जीप दरीत घातली, मग परत घातली, मग तिसऱ्यांदा, आणि म्हणाला ब्रेक बरोबर नाही बनवले. खरी जीप चालवणारा माणूस गेममध्ये इतका वाईट कसा काय चालवतो, हे आपल्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग राहिलं शेवटचं. जीप वर पोचल्यावर काय? मी म्हटलं, तीन तारे, फटाके, "अभिनंदन", पुढचा टप्पा. सगळे असंच करतात. तू म्हणालास, वर पोचल्यावर कोणत्या जीपला तारे देतात? पोचली म्हणजे माणसं उतरतात. एकेक उतरेल, आपलं सामान ओळखेल, चालायला लागेल. ड्रायव्हर सगळ्यांत शेवटी. तो टपावर चढून बघतो कोणाचं काही राहिलं का, मग त्याचं काम संपलं.

मी हिशोब सांगितला, मामा, प्रत्येकाचं उतरणं वेगळं, बाई वेगळी उतरते, म्हातारा वेगळा, बकरी तर उडी मारेल. केवढं काम! आत्ता तारे टाकू, उतरणं नंतर अपडेटमध्ये देऊ. हे सगळं फोनवर चाललं होतं. मग म्हणालास, "रविवारले ये. बठीसन बोलसूत."

रविवारसाठी मी मुद्दा तयार ठेवला होता! मला एक भारी गोष्ट सापडली होती. तुझ्या त्या कॅसेटच्या काळातसुद्धा कंपन्या चुका सुधारायच्या, गुपचूप! पहिल्या कॅसेटमध्ये चूक निघाली की नंतर बनवलेल्या कॅसेटमध्ये दुरुस्त करून विकायच्या, नाव तेच, डबी तीच. म्हणजे तुझे ते एकदाच संधीवाले लोक पण अपडेटच देत होते की! मी मनात दहा वेळा बोलून बघितलं होतं, तुझा चेहरा कसा होईल ते बघायचं होतं. तू शनिवारी गेलास. असा मुद्दा घेऊन मी तुझ्या अंत्ययात्रेत चालत होते, मामा. सांगणार कोणाला?

नंतर दारवर, म्हणजे दुखवट्याला भेटायला, येणाऱ्यांची रीघ लागली. मांडवाखाली सतरंजी, माणसं येत होती, गप्प बसत होती, उठत होती. चौथ्या की पाचव्या दिवशी गौरव माझ्याजवळ आला. त्याचे केस काढलेले, कान मोठे दिसत होते.

"ताई, गेम टाकून दे ना," तो म्हणाला. "उत्तरकार्याच्या दिवशी. पप्पाचा फोटो पहिल्या स्क्रीनवर लावू. सगळे नातेवाईक डाउनलोड करतील."

"शेवट नाहीये त्याला."

"तारे टाक. नंतर अपडेट देऊ."

हे माझंच वाक्य. मला एकदम हो म्हणावंसं वाटलं. कारण मामा, मला पुण्यात नोकरी लागलीय, या सोमवारी हजर व्हायचंय, आणि तिथे गेल्यावर मी काय करणार ते मला माहितीये. आज करते, उद्या करते, आणि गेम फोल्डरमध्ये पडून राहणार. आत्ता टाकला तर निदान बाहेर तरी येईल. नाही टाकला तर तुझा गेम कोणालाच दिसणार नाही. मी त्याला म्हटलं, बरं.

तेवढ्यात रुमसिंगदादा दारवर आला. टोपी काढून सतरंजीच्या कडेला बसला. मग मला खुणेने बोलावलं आणि हळूच विचारलं, "ते जीपचं आहे का? त्याने सांगितलं होतं वरपर्यंत झालं."

मी फोन दिला. दारवर आलेल्या माणसाच्या हातात गेम, लोक बघायला लागले, कोणीतरी घसा खाकरला. तोंडात काहीही नव्हतं तरी गप्प उभी राहिले. त्याने माणसं भरली, टप भरला, आणि मामा, त्या दिवशी तो दरीत गेला नाही! एक वळण, दुसरं वळण, बाजूचे दोघे-तिघे सरकून जवळ आले, एक म्हातारे आजोबा "सांभाय, सांभाय" करायला लागले. जीप वर पोचली. थांबली.

आणि तो वाट बघत राहिला.

स्क्रीनवर जीप उभी, माणसं बसलेली, टपावर बकरी. तारे मी अजून टाकलेले नव्हते. त्याने एकदा दाबलं, दोनदा दाबलं.

"उतरत का नाहीत?"

गौरव म्हणाला, "दादा, ते पुढच्या अपडेटमध्ये उतरतील."

रुमसिंगदादाने त्याच्याकडे बघितलं. चिडून नाही, खरंच विचारत होता. "मग तोपर्यंत काय, बसून राहतील? घरी पोरं वाट बघतात ना त्यांची."

आजोबा म्हणाले, "हाऊ ना! उतारी तरी देवो त्यास्ले."

मी घरात गेले आणि पाण्याच्या टाकीमागे जाऊन रडले. तोपर्यंत नीट रडलेच नव्हते. तुझं उत्तर मिळालं मला. पहिल्या कॅसेटमध्ये चूक, नंतरच्या कॅसेटमध्ये दुरुस्त, ठीक आहे. पण पहिली कॅसेट घेणाऱ्याचं काय? त्याने फुंकर मारून बसवली, तो खेळला, त्याच्यासाठी गेम तेवढाच. तू रविवारी हेच म्हणाला असतास. मी तेव्हाही ऐकलं नसतं बहुतेक, वाद घातला असता, चहा थंड झाला असता.

उत्तरकार्याला गेम टाकला नाही. गौरव दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. तिसऱ्या दिवशी आपणहून वही-पेन्सिल घेऊन बसला. "म्हातारी कशी उतरते, उतरून दाखव." मी तुमच्या ओट्यावरून पन्नास वेळा उतरले असेन, साडी धरून, कंबर धरून, पोर कडेवर घेतल्यासारखं उशी घेऊन. शेजारच्यांना वाटलं हिचं डोकं फिरलं. तो काढायचा, मी जोडायचे. बकरी पहिल्यांदा उडी मारून थेट आकाशात गेली. तू हवा होतास बघायला. आम्ही दोघं खूप हसलो आणि मग गौरव एकदम उठून बाहेर गेला.

सगळ्यात शेवटी ड्रायव्हर राहिला. अख्ख्या गेममध्ये त्याची पाठच दिसते. आता उतरायचा म्हणजे तोंड लागणार. गौरवने विचारलंच नाही. म्हणाला, "तोंड नको. पाठमोराच उतरवतो." त्याने काढलं ते मी जोडलं, चालवून बघितलं. तुझ्या शेंगदाण्यांची मला गरज पडली नाही.

काल दुपारी मामीला माझा फोन दिला. तिने आयुष्यात एक गेम खेळलेला नाही. आपल्याला बघून म्हणायची ना, "रोज जीप चालाडीसनी कोठे जातस तुम्ही? घर तं येत नहीत येळवर." घ्यायलाच तयार नव्हती. मग घेतला. आम्ही दोघं मागे, गप्प. दोनदा दरीत गेली, तिसऱ्यांदा पोचली. माणसं उतरायला लागली. बाई उतरली, पोर उतरलं, म्हाताऱ्याने काठी मागून घेतली, बकरीने उडी मारली, सगळे पायवाटेने निघून गेले. मामी बघत होती. मग ड्रायव्हर उतरला. टपावर चढला, गोणीच्या जागी हात फिरवून बघितलं, खाली आला. डावा हात कमरेवर ठेवून, जरा वाकून, सावकाश चालायला लागला.

मामीचा अंगठा स्क्रीनवर होता तो तसाच राहिला.

"त्यास्नी कंबर दुखे ना," ती म्हणाली. "मोटरना पाईप उचला तधळपाईन."

ड्रायव्हर अजून चालत होता. मामीने बोट लावलं तिथे तो थांबला. माझी एक चूक राहून गेली होती, बोट लावलं की तो थांबायचा. बोट ठेवलं तोवर उभा. तिने ते ओळखलं. काढलं की चालतो, ठेवलं की थांबतो. तिने बराच वेळ बोट ठेवून धरलं. मी ती चूक सुधारणार नाहीये, मामा, आधीच सांगते, हवं तर भांड.

मग तिने फोन माझ्याकडे दिला आणि पदराने हात पुसला.

"आते जाऊ द्या त्यास्ले घर," म्हणाली.

मी गेम टाकला.